कंपन्यांना थेट देणगी देता येत नाही, मग औषधांच्या कायद्यात त्यांचा शब्द कसा चालतो?

नवमतदार (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ झाली, पुढच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत देणार आहे. ते डोळे उघडे ठेवून द्यायचं आहे, म्हणून हा धागा.

आमच्या मंडळाच्या गणपतीत जेवताना या विषयावर चांगलीच जुंपली. आईचं मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) नुकतंच सुरू झालंय आणि तिच्या मधुमेहाच्या औषधांच्या बिलावरून मी सहज काहीतरी बोललो. एक काका म्हणाले, इथले झाडून सगळे खासदार विमा कंपन्यांच्या आणि औषध कंपन्यांच्या खिशात आहेत. दुसऱ्यांनी लगेच त्यांना अडवलं: काहीतरीच काय, इथे कंपनीला उमेदवाराच्या हातावर एक डॉलरही ठेवता येत नाही, १९०७ पासून कायदा आहे. घरी येऊन शोधलं, तर दुसऱ्या काकांचं खरं निघालं. केंद्रातल्या निवडणुकीत कंपनीने उमेदवाराला थेट देणगी देणं बेकायदा आहे.

मग पैसा पोचतो कसा? ओबामांच्या वेळच्या, २००९-१० च्या आरोग्य सुधारणांत त्याचा नेमका काय परिणाम झाला? पैशामुळे अमक्या खासदाराचं मत फिरलं असं कुणाला दाखवता येईल का? 'सगळेच चोर' छापाची उत्तरं कृपया नकोत. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगावं.

पेठेतला वाचक (पुणे)

मी लांबून पाहणारा, तेव्हा उत्तर देत नाही, प्रश्नात भर घालतो. आपल्याकडे २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. कोणी कोणाला किती दिले हे मतदाराला कळायची सोयच नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली, महिनाभरात स्टेट बँकेकडची यादी बाहेर आली आणि रोखे घेणाऱ्यांत औषध कंपन्याही दिसल्या. नावं कळल्यावर निदान प्रश्न तरी विचारता आले. अमेरिकेत नावं आधीपासून उघड असतात असं ऐकतो. ती उघड असूनही फरक पडत नसेल, तर तो का पडत नाही हे मला समजून घ्यायचंय.

काउंटरपलीकडे (न्यू जर्सी)

मी फार्मसिस्ट आहे. मेडिकेअरची औषध योजना २००६ मध्ये सुरू झाली तेव्हाही काउंटरच्या मागे होते, आजही आहे. उत्तर लांबणार आहे.

मत फिरलं हे दाखवता येतं का? जवळजवळ कधीच नाही. खासदार म्हणतो, माझं आधीपासून हेच मत होतं, आणि अनेकदा ते खरंही असतं. म्हणून मी तो प्रश्न विचारणं सोडलंय. मी पाहते ते हे, की कुठलं कलम मतदानापर्यंत पोचलंच नाही आणि जे कलम कायद्यात बसलं त्याचा फायदा कोणाला झाला. पैशाचं खरं काम तिथे दिसतं.

आधी वाटा सांगते. कंपनी स्वतः देत नाही, तिची पॅक देते. पॅक म्हणजे कर्मचाऱ्यांच्या, बहुतेक वेळा वरच्या पदांवरच्या लोकांच्या, वर्गणीतून उभी केलेली समिती. ती एका उमेदवाराला एका निवडणुकीत ५,००० डॉलर देऊ शकते. प्राथमिक फेरी आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरल्या की झाले १०,०००. शिवाय अधिकारी स्वतःच्या नावाने देतात ते निराळं. पण ही सगळी लहान वाट. मोठी वाट लॉबिंगची, म्हणजे पगारी माणसं ठेवून खासदारांकडे आपली बाजू लावून धरण्याची. तिला मर्यादाच नाही. २००९ या एका वर्षात आरोग्य क्षेत्राने वॉशिंग्टनमधल्या लॉबिंगवर ५० कोटी डॉलरहून जास्त खर्च केला आणि त्यात औषध उद्योग सगळ्यांच्या पुढे होता. तिसरी वाट नोकरीची. आज खासदार किंवा त्याचा सल्लागार, उद्या त्याच उद्योगाच्या संघटनेत. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती हीच, कारण तिची नोंद देणगीच्या कुठल्याही यादीत होत नाही.

२००९ समजायला २००३ पासून सुरुवात करावी लागते. मेडिकेअरमध्ये औषधं आणणारा कायदा त्या वर्षी झाला. त्यात एक कलम घातलं गेलं: औषध कंपन्यांशी होणाऱ्या वाटाघाटींत सरकारने हस्तक्षेप करायचा नाही. म्हणजे कोट्यवधी म्हाताऱ्या माणसांचा खर्च सरकार उचलणार, पण भावाची घासाघीस करणार नाही. माजी सैनिकांचं खातं मात्र आपल्या औषधांसाठी घासाघीस करतं आणि स्वस्तात घेतं. एकाच देशात, एकाच गोळीला, दोन नियम.

हाउसमधलं, म्हणजे कनिष्ठ सभागृहातलं, मतदान २२ नोव्हेंबरच्या पहाटे तीनला सुरू झालं. एरवी पंधरा मिनिटांत आटोपणारं मतदान जवळजवळ तीन तास उघडं ठेवलं, कारण मतं कमी पडत होती. शेवटी २२० विरुद्ध २१५. मिशिगनच्या निक स्मिथ यांच्यावर त्या रात्री इतका दबाव आला की प्रकरण नीती समितीकडे गेलं, आणि त्यांच्या मुलाच्या निवडणुकीला पाठिंबा देऊ करून मत मागितल्याबद्दल बहुमतातले नेते टॉम डीले यांना समितीने समज दिली. हा कायदा पुढे रेटणाऱ्यांत बिली टॉझिन होते, हाउसच्या ऊर्जा व वाणिज्य समितीचे अध्यक्ष. जानेवारी २००५ मध्ये ते 'फार्मा' या औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. पगार वर्षाला सुमारे २० लाख डॉलर अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. यात बेकायदा काहीच नव्हतं.

माझ्या काउंटरवर हे कसं उतरलं ते सांगते. २००६ मध्ये औषधांचा एकूण खर्च २,२५० डॉलरवर गेला की विमा थांबायचा आणि ५,१०० पर्यंत सगळं बिल रुग्णाने भरायचं. सप्टेंबर आला की माणसं या खड्ड्यात पडायला लागायची. आपल्याकडच्या एक मावशी नेहमी यायच्या. एरवी त्या थोडे पैसे भरून बाटली घेऊन जात. त्या दिवशी स्क्रीनवर पूर्ण किंमत आली. मी आकडा सांगितला, त्यांनी पर्स उघडली आणि परत मिटली. "दहा दिवसांच्याच दे गं," म्हणाल्या, "तशीही मी सध्या निम्मीच घेते." मी विचारलं, निम्मी म्हणजे कशी? तर सुरीने दोन तुकडे करून. ती गोळी तोडायची नसते. औषध दिवसभर हळूहळू सुटावं अशी तिची घडण असते, तोडली तर सगळा डोस एकदम अंगावर येतो. मी समजावलं, डॉक्टरांना फोन करून स्वस्तातलं दुसरं औषध लिहून घेतलं. त्यांचं काम झालं, पण रांगेत मागे उभी असलेली सगळीच माणसं असं बोलून दाखवत नाहीत.

आता २००९. ओबामांनी २००८ च्या प्रचारात टॉझिन यांच्यावर एक जाहिरातच केली होती: कायदा यांनी रेटला आणि मग कंपन्यांकडे नोकरीला गेले, हा खेळ मी बदलणार. मेडिकेअरला भाव ठरवू देणार, परदेशातून स्वस्त औषधं येऊ देणार, अशी वचनं दिली होती. निवडून आल्यावर त्याच टॉझिन यांच्याशी बोलणी झाली. जून २००९ मध्ये जाहीर झालं की औषध उद्योग दहा वर्षांत ८,००० कोटी डॉलरची बचत देईल. बदल्यात काय, हे ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रातून कळलं: सरकार भाव ठरवणार नाही आणि त्याहून जास्त मागणार नाही. संघटनेने मग सुधारणांच्या बाजूने जाहिरातींचा पाऊस पाडला.

त्या बचतीचा एक भाग म्हणून खड्ड्यातल्या रुग्णांना ब्रँडच्या औषधांवर २०११ पासून ५० टक्के सूट मिळाली. माझ्या रुग्णांना तिचा आधार झाला, हे मी मनापासून सांगते. पण त्या सुटीमुळे रुग्ण महागड्या ब्रँडवरच टिकून राहतो आणि मूळ किंमत किती असावी हा प्रश्न कोणी विचारत नाही, हेही तितकंच खरं.

डिसेंबरमध्ये नॉर्थ डकोटाचे बायरन डॉर्गन यांनी सिनेटमध्ये दुरुस्ती आणली की कॅनडासारख्या देशांतून औषधं आणू द्यावीत. १५ डिसेंबरला मतदान झालं: बाजूने ५१, विरोधात ४८. बहुमत मिळूनही दुरुस्ती पडली, कारण ६० मतं लागत होती. आणि तिला पर्याय म्हणून, सुरक्षिततेची हमी आधी मिळाल्याशिवाय आयात नको अशी अट घालणारी दुरुस्ती आणली कोणी? आपल्याच न्यू जर्सीच्या फ्रँक लाउटेनबर्ग यांनी.

आपल्या घरांमध्ये ही आयात कधीपासूनच चालू आहे. पुण्याहून आई-बाबा येतात तेव्हा बॅगेत चितळ्यांच्या बाकरवडीशेजारी तीन महिन्यांची रक्तदाबाची पाकिटं असतात. स्वतःपुरती असली तर सहसा कोणी अडवत नाही. ज्या म्हातारीचं पुण्यात कोणी नाही, तिच्यासाठी हा रस्ता सिनेटमध्ये बंद झाला.

पेठेतले वाचक, तुमचं उत्तर यातच आहे. नावं उघड असतात ती देणग्यांची. ऑगस्टमध्ये कळलेला तो सौदा कुठल्याही यादीत नव्हता.

रसायन (प्रिन्स्टनजवळ)

ताई, काउंटरवरचं तुम्ही लिहिलंत त्याबद्दल दुमत नाही. पण मी औषध संशोधनात काम करतो आणि दुसरी बाजू मांडली पाहिजे असं मला वाटतं.

पहिली गोष्ट, न्यू जर्सीचा खासदार औषध उद्योगाची बाजू घेतो ती देणगीसाठीच असं का धरायचं? जॉन्सन अँड जॉन्सन न्यू ब्रन्सविकला, मर्क राहवेला. या धाग्यावरच्या कितीतरी जणांची घरं या उद्योगावर उभी आहेत. आपल्या मतदारांच्या नोकऱ्या सांभाळणं हे लोकप्रतिनिधीचं कामच आहे. आमच्याकडे बहुतेक रेणू माणसांवरच्या चाचण्यांत गळतात, वर्षानुवर्षांची मेहनत एका अहवालाने संपते. जे एखादं औषध बाहेर येतं त्याने या सगळ्याचा खर्च भरून काढायचा असतो.

दुसरी, त्या सौद्याशिवाय कायदा झाला असता का? १९९३-९४ मध्ये क्लिंटन यांची योजना विमा उद्योगाने जाहिराती करून पाडली, समितीतून पुढे सिनेटच्या मतदानाला ती आलीच नाही. ओबामांच्या माणसांनी तो धडा घेतला होता. २४ डिसेंबर २००९ ला सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९ असं पास झालं, म्हणजे एकही मत जास्तीचं नव्हतं. औषध कंपन्या विरोधात गेल्या असत्या तर सगळंच बुडालं असतं. या कायद्याने सुमारे दोन कोटी माणसांना विमा मिळाला. तेवढ्यासाठी ही किंमत मोजली, तर मी त्याला विकलं गेलं म्हणणार नाही.

काउंटरपलीकडे (न्यू जर्सी)

रसायन, तुमचा दुसरा मुद्दा मला सगळ्यात जड जातो, म्हणून त्यालाच आधी हात घालते. सौदा नसता तर कायदा पडला असता, हे कदाचित खरं आहे. पण मग आपण हेही मान्य करतोय की निवडून न आलेल्या एका संघटनेकडे कायदा पाडायची ताकद होती, आणि राष्ट्राध्यक्षाला आधी तिची परवानगी काढावी लागली. मला त्याचंच वाईट वाटतं. ओबामांच्या हेतूवर माझा राग नाही.

विमा कंपन्यांचं तर याहून वाईट. त्यांची संघटना वरवर म्हणत होती की आम्हाला सुधारणा हव्यात, आम्ही चर्चेच्या टेबलावर आहोत. त्याच २००९ मध्ये तिने ८ कोटी ६२ लाख डॉलर यूएस चेंबर ऑफ कॉमर्सला दिले आणि चेंबरने त्या काळात विधेयकाविरुद्ध जाहिराती चालवल्या. हे बाहेर आलं नोव्हेंबर २०१० मध्ये, कायद्यावर सही होऊन सात-आठ महिने उलटल्यावर. नोकऱ्या वाचवणं ही स्वच्छ भूमिका आहे, ती स्वतःच्या नावाने मांडता येते. दुसऱ्याच्या नावाने पैसे का लावावे लागले?

आणि शब्दसुद्धा उसने असतात. हाउसमध्ये विधेयकावर चर्चा झाली तेव्हा ४२ सदस्यांच्या नावे काँग्रेसच्या अधिकृत कामकाजात जी निवेदनं छापली गेली, त्यांत जेनेनटेक या जैवतंत्रज्ञान कंपनीच्या लॉबिस्टांनी लिहिलेला मजकूर होता. रिपब्लिकन २२, डेमोक्रॅट २०. दोन्ही पक्षांसाठी वेगवेगळा मसुदा केला होता. तुमच्या-माझ्या मतावर निवडून गेलेल्या माणसाच्या तोंडी कंपनीची वाक्यं, आणि ती इतिहासात त्याच्या नावावर. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला झोप लागली नव्हती. त्याच कायद्यात जैविक औषधांना, म्हणजे सजीव पेशींपासून बनवलेल्या औषधांना, स्वस्त नकलांपासून १२ वर्षांचं संरक्षण मिळालं. हाउसमधले डेमोक्रॅट हेन्री वॉक्समन ५ वर्षं मागत होते.

नोकऱ्यांचा मुद्दा माँटानाला कसा लावाल? जेमतेम दहा लाख वस्तीचं राज्य, तिथे कुठली औषधनगरी? तिथले मॅक्स बॉकस सिनेटच्या वित्त समितीचे अध्यक्ष होते, विधेयक त्यांच्या हातून जाणार होतं, म्हणून आरोग्य उद्योगाच्या देणग्या त्यांच्याकडे वाहत होत्या. मे २००९ मध्ये त्यांच्या समितीने सुनावण्या घेतल्या. सरकारने सगळ्यांचा एकच विमा चालवावा असं म्हणणाऱ्या एकालाही साक्षीला बोलावलं नाही. काही डॉक्टर आणि कार्यकर्ते प्रेक्षकांतून उठले आणि म्हणाले, आम्हालाही खुर्ची द्या. आठ जणांना अटक झाली. पुढच्या सुनावणीत आणखी पाच जणांना, त्यांत परिचारिका होत्या. मसुद्यावर काम करणाऱ्या बॉकस यांच्या प्रमुख सल्लागार लिझ फाउलर त्याच्या आधी वेलपॉइंट या विमा कंपनीत उपाध्यक्ष होत्या. पुढे त्या जॉन्सन अँड जॉन्सनमध्ये गेल्या. त्या हुशार आहेत, कष्टाळू आहेत, बेकायदा त्यांनी काही केलं नाही. पण खुर्चीत कोण बसलं आणि बेड्या कोणाला पडल्या, एवढं बघा.

तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. जानेवारी २०१७ मध्ये कॅनडाहून औषधं आणण्याची दुरुस्ती सिनेटमध्ये पुन्हा आली. ४६ विरुद्ध ५२ अशी पडली. विरोधात १३ डेमोक्रॅट होते, त्यांत न्यू जर्सीचे दोघेही, मेनेंडेझ आणि कोरी बुकर. बुकर यांच्यावर लोकांनी टीकेची झोड उठवली. फेब्रुवारीत ते आयातीच्या नव्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले, जूनमध्ये त्यांनी औषध कंपन्यांच्या देणग्या घेणं थांबवल्याचं सांगितलं. उद्योग तोच, नोकऱ्या त्याच, फक्त मतदार जागे झाले होते.

नवमतदार (एडिसन, न्यू जर्सी)

दोघांचेही आभार, पंगतीतल्या दोन्ही काकांना हा धागा पाठवतोय. ताई, त्या २००३ च्या कलमाचं पुढे काय झालं? आणि मी मत देण्याआधी नेमकं काय बघू?

काउंटरपलीकडे (न्यू जर्सी)

ते कलम मोडायला १९ वर्षं लागली. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने मेडिकेअरला भाव ठरवायचा अधिकार मिळाला, सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५०, तेही उपराष्ट्राध्यक्ष हॅरिस यांच्या निर्णायक मताने. पहिल्या दहा औषधांचे ठरलेले भाव जानेवारी २०२६ पासून लागू झाले. एलिक्विस, जानुव्हिया, जार्डियन्स त्यांत आहेत, तेव्हा आईच्या औषधांची यादी एकदा त्याच्याशी ताडून पाहा. मेडिकेअरवर इन्सुलिन महिन्याला जास्तीत जास्त ३५ डॉलरला मिळतं. तुमच्यासारख्या खाजगी विमा असलेल्यांनाही ती मर्यादा मिळणार होती, पण ती तरतूद ५७ विरुद्ध ४३ अशी अडली. पुन्हा तेच ६०.

बघायचं कुठे? निवडणूक आयोगाच्या, म्हणजे एफईसीच्या, संकेतस्थळावर उमेदवाराचं नाव घाला. २०० डॉलरच्या वर दिलेल्या प्रत्येकाचं नाव, हुद्दा आणि तो कुठे नोकरी करतो ते दिसतं. कंपनीचं नाव घालून शोधलं तर कुठल्या अधिकाऱ्यांनी एकाच आठवड्यात पैसे दिले तेही दिसतं. लॉबिंगचे तिमाही अहवाल सिनेटच्या संकेतस्थळावर असतात, त्यांत विधेयकाचं नाव लिहिलेलं असतं. मी आधी ते वाचते, मग देणग्या.

आणि आज हे चाललंय: २०२२ च्या कायद्याने गोळ्यांना मंजुरीनंतर ९ वर्षांनी आणि जैविक औषधांना १३ वर्षांनी ठरलेला भाव लागू शकतो. उद्योगाला गोळ्यांनाही १३ हवी आहेत, त्यासाठीच्या विधेयकाचं नाव 'एपिक' कायदा. २०२५ च्या जुलैमधल्या मोठ्या कायद्यात दुर्मिळ आजारांच्या औषधांना या भाव ठरवण्यातून मिळणारी सूट आधीच रुंदावली गेली, त्यावर फारसं कोणी बोललं नाही. तुमच्या खासदाराची पुढची जाहीर सभा असेल तिथे जा आणि एवढंच विचारा, 'एपिक'च्या सहप्रस्तावकांत तुमचं नाव आहे का, असलं तर का. उत्तर काय मिळालं ते इथे लिहा. रसायन, तुम्हीही या. तुम्ही ९ आणि १३ बद्दल माझ्यापेक्षा नेमकं विचारू शकाल.